वाचकांचे प्रश्न : जवळच्या जोडताऱ्यांचा चुंबकीय खटाटोप वर्णपटात कसा वाचायचा?

मागील अंकात सिग्मा मिथुन आणि वृषभेतला व्ही७११ टॉरी या दोन जोडताऱ्यांवर एक टिपण आले होते. अशा ताऱ्यांच्या एच-अल्फा या हायड्रोजनच्या तांबड्या रेषेत चुंबकीय सक्रियतेची खूण सापडते आणि हौशी निरीक्षकालाही ती मोजता येते, एवढेच त्यात म्हटले होते. त्यावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून पुष्कळ पत्रे आली. सारख्या प्रश्नांना एकत्र करून ही उत्तरे देत आहोत.

प्रश्न (कराड, अभियांत्रिकीची विद्यार्थिनी) : डाग आणि ज्वाळा सूर्यावरही आहेत. मग जोडतारेच एवढे सक्रिय का? दोन तारे जवळ आले की एकाचे चुंबकत्व दुसऱ्याला चेतवते का?

नाही, मूळ कारण भरती-ओहोटीचे आहे. एकटा तारा वयाबरोबर मंदावतो. त्याच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेला वारा बाहेर जाताना कोनीय संवेग घेऊन जातो आणि परिवलन हळू होते. सूर्याचे विषुववृत्त आज सुमारे २५ दिवसांत एक फेरी घेते, म्हणजे पृष्ठभागाचा वेग सेकंदाला जेमतेम २ किमी. जवळच्या जोडीत मात्र भरती-ओहोटीचे घर्षण ताऱ्याचे परिवलन कक्षेच्या कालावधीशी बांधून टाकते. व्ही७११ टॉरीची कक्षा २.८४ दिवसांची आहे, म्हणून त्यातला के-वर्गाचा (सूर्यापेक्षा थंड) उपराक्षसी तारा म्हातारा आणि फुगलेला असूनही २.८४ दिवसांतच स्वतःभोवती फिरतो. आपल्या दृष्टिरेषेत त्याचा वेग सेकंदाला ४० किमीच्या घरात भरतो. वारा इथेही कोनीय संवेग नेतोच, पण तूट कक्षेच्या खात्यातून भरली जाते. तारा मंदावत नाही, कक्षाच आक्रसते.

वेगवान परिवलन आणि खोल संवहनी (उकळत्या पाण्यासारखा ढवळणारा) थर एकत्र आले की आतला डायनॅमो, म्हणजे चुंबकीय क्षेत्र निर्माण करणारी क्रिया, जोरात चालतो. ए किंवा बी वर्गाच्या गरम ताऱ्याला कितीही वेगाने फिरवले तरी हे होत नाही, कारण त्याला बाहेरचा जाड संवहनी थर नसतो. डग्लस हॉल यांनी १९७६ मध्ये आरएस कॅनम व्हेनॅटिकोरम हा गट वेगळा काढला, तो याच जी-के वर्गांच्या जोड्यांचा.

एक अपवाद लक्षात ठेवा. देवयानीतल्या लॅम्डा ताऱ्याची कक्षा २०.५ दिवसांची, पण परिवलन सुमारे ५४ दिवसांचे आहे. बांधणी झालेली नाही, तरी तारा सक्रिय आहे. म्हणून कक्षेचा काळ हाच परिवलनाचा काळ, असे डोळे झाकून लिहू नये.

प्रश्न (मिरज, विज्ञान शिक्षक) : मेषेतल्या यूएक्स एरिएटिसमध्ये एच-अल्फा उत्सर्जनात दिसते, सिग्मा मिथुनमध्ये मात्र साधी शोषणरेषाच दिसते. मग सिग्मा मिथुन शांत समजायचा का?

इथेच बहुतेकांची गाडी अडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सिग्मा मिथुन शांत नाही. त्याच्या दीप्तिगोलाची (दिसणाऱ्या पृष्ठभागाची) शोषणरेषा खोल असते, वर्णगोलाचे (त्यावरच्या विरळ थराचे) उत्सर्जन त्या खड्ड्यात पडते आणि खड्डा अर्धवट बुजतो. डोळ्याला दिसते ती फक्त उथळ शोषणरेषा. यूएक्स एरिएटिसमध्ये उत्सर्जन इतके आहे की खड्डा भरून वर ढीग येतो. त्यामुळे कच्च्या वर्णपटातली रेषा वर आहे की खाली, यावरून सक्रियता ठरवूच नये. शांत ताऱ्याचा भाग आधी वजा करायचा आणि उरेल ते मोजायचे.

वजाबाकीला सांचा, म्हणजे नमुन्याचा तारा हवा : त्याच वर्णवर्गाचा, त्याच तेजोवर्गाचा, पण निष्क्रिय आणि मंद फिरणारा. सिग्मा मिथुन हा के१ राक्षसी तारा आहे. त्याच्यापासून आकाशात जेमतेम एक अंशावर पुनर्वसू नक्षत्रातला पोलक्स आहे, के० राक्षसी, मंद फिरणारा आणि प्रत (तेजाचा क्रमांक, जितका कमी तितका तारा तेजस्वी) १.१. इतका सोयीचा सांचा दुसऱ्या कोणत्याही सक्रिय ताऱ्याशेजारी चटकन मिळणार नाही. दोघांची उंची सारखी, त्यामुळे मधली हवाही सारखीच.

क्रम असा ठेवा. दोन्ही वर्णपट एकाच रात्री, उपकरणाला हात न लावता घ्या. दोघांची अखंड पार्श्वभूमी (रेषांमधला सलग प्रकाश) १ वर आणा. पोलक्सच्या रेषा सेकंदाला सुमारे २७ किमी इतक्या परिवलनाने पसरवा, कारण सिग्मा मिथुनच्या रेषा तेवढ्या रुंद आहेत. एच-अल्फाजवळ हे सुमारे ०.६ अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचे एकक) होते. मग पोलक्सचा वर्णपट सिग्मा मिथुनच्या त्या रात्रीच्या त्रिज्य वेगावर (आपल्याकडे येण्या-जाण्याच्या वेगावर) सरकवा आणि वजा करा.

वजाबाकी बरोबर झाली की नाही, हे एच-अल्फाकडे न बघता तपासायचे. लोखंडाच्या ६५४६.२, ६५६९.२ आणि ६५९२.९ अँगस्ट्रॉमच्या रेषा जवळपास पुसल्या गेल्या पाहिजेत. तिथे दोन्ही बाजूंना वरखाली लाट राहिली तर सरकवण्यात चूक आहे. मधोमध टेकडी आणि कडांना खड्डे असतील, किंवा नेमके त्याउलट, तर रुंदीत चूक आहे. सगळीकडे एकाच दिशेने थोडे थोडे उरले तर पार्श्वभूमी चुकली. ही शेवटची चूक सर्वांत महाग पडते : २० अँगस्ट्रॉमच्या खिडकीत पार्श्वभूमी १ टक्क्याने चुकली की तुल्य रुंदीत (रेषेच्या एकूण ताकदीच्या मापात) ०.२ अँगस्ट्रॉमची खोटी भर पडते. एवढ्यात सिग्मा मिथुनचा खरा बदल गिळला जाऊ शकतो.

व्ही७११ टॉरीसारख्या दोन्ही ताऱ्यांच्या रेषा दिसणाऱ्या जोडीत काम दुप्पट होते. दोन सांचे, दोन वेगवेगळे सरकवणे, आणि प्रत्येकाचा प्रकाशातला वाटा. हा वाटा तरंगलांबीनुसार बदलतो : निळ्या बाजूला जी ताऱ्याचा हिस्सा वाढतो, तांबड्या बाजूला के ताऱ्याचा. एच-अल्फासाठी काढलेला वाटा कॅल्शियमच्या रेषेला लावणे चूक आहे, आणि ही चूक छापील प्रबंधांतही आढळते. यूएक्स एरिएटिसमध्ये तर तिसऱ्याच ताऱ्याच्या रेषा मिसळतात. सुरुवात त्याच्यापासून करू नका. सिग्मा मिथुनचा जोडीदार साध्या वर्णपटात दिसत नाही, म्हणून पहिला तारा तोच घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणखी एक. डाग समोर आले की ताऱ्याचा एकूण प्रकाश घटतो. उत्सर्जन तेवढेच राहिले आणि पार्श्वभूमी १० टक्क्यांनी उतरली, तर तुल्य रुंदी आपोआप ११ टक्क्यांनी वाढते. म्हणून त्याच रात्री तेजस्विताही मोजा. नाहीतर डागांची सावली वर्णगोलाच्या नावावर जमा होईल.

प्रश्न (विश्रामबाग, सांगली) : गच्चीवर २०० मिमी, एफ/५ चा न्यूटोनियन आहे. शंभर रेषांचे ग्रेटिंग फिल्टरच्या जागी लावून हे काम होईल का? शहरातले दिवे आड येतील का?

शंभर रेषा प्रति मिमीच्या ग्रेटिंगने हे काम होणार नाही. त्याचे विभेदन (जवळच्या तरंगलांब्या वेगळ्या दाखवण्याची क्षमता) शंभराच्या आसपास, म्हणजे वेगाच्या भाषेत सेकंदाला ३,००० किमी. त्याने ताऱ्यांचे वर्ग ओळखा, नवतारे बघा. इथे किमान १०,००० विभेदन हवे. एच-अल्फाजवळ ते ०.६६ अँगस्ट्रॉम, म्हणजे सेकंदाला ३० किमी होते. त्यासाठी स्लिट (अरुंद फट) असलेला स्पेक्ट्रोग्राफ आणि २,४०० रेषा प्रति मिमीचे ग्रेटिंग लागेल. थ्री-डी प्रिंट करून जुळवायचे आराखडे आता खुले मिळतात. प्रिंट मात्र पीएलए प्लॅस्टिकमध्ये करू नका. एप्रिलमध्ये बंद गाडीत राहिलेले पीएलए वाकते, आणि मग वर्णपट एका कडेला स्पष्ट, दुसऱ्या कडेला धूसर येतो.

तुमची दुर्बीण १,००० मिमी नाभीय अंतराची, म्हणून तिच्या नाभीवर १ कोनीय सेकंद ४.८५ मायक्रॉनचा. गच्चीवर ताऱ्याचा ठिपका ३ सेकंदांचा धरला तर तो १४.५ मायक्रॉन होतो. २० मायक्रॉनची स्लिट ठीक बसेल. स्पेक्ट्रोग्राफचा कोलिमेटर (किरण समांतर करणारे भिंग) किती एफ-गुणोत्तरासाठी बनवला आहे, ते मात्र विकत घेण्याआधी विचारा. एफ/१० साठीचा कोलिमेटर एफ/५ ला लावला तर सुमारे तीन चतुर्थांश प्रकाश भिंतींवर जातो, आणि मग दोष कॅमेऱ्याला दिला जातो.

न्यूटोनियनची ठरलेली अडचण म्हणजे फोकस पुरेसा बाहेर येत नाही. स्लिटच्या आधी गायडिंगचा आरसा आणि जोडनळ्या येतात, त्यांना जागा लागते. मुख्य आरसा नळीत थोडा पुढे सरकवणे हाच सरळ उपाय. शिवाय किलो-दीड किलोचे वजन फोकसरवर लटकले की दुर्बीण फिरताना तो झुकतो आणि तारा स्लिटवरून घसरतो. घट्ट फोकसर आणि खाली एक आधारपट्टी, एवढे केले तरी पुष्कळ झाले.

प्रकाशाचे गणित सोपे आहे. सहाव्या प्रतीच्या ताऱ्याला या आरशातून पाच-पाच मिनिटांचे सहा तुकडे घेतले तर सिग्नल-नॉइज गुणोत्तर (खरा प्रकाश आणि खरखर यांचे प्रमाण) शंभराच्या आसपास येते. सिग्मा मिथुन ४.२ प्रतीचा असल्याने तिथे वेळ निम्म्याहून खूपच कमी लागेल.

दिव्यांची काळजी एच-अल्फासाठी फारशी नको. जुन्या सोडियमच्या दिव्यांचा त्रास ५८९० आणि ५८९६ अँगस्ट्रॉमला. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश तांबड्या भागात सपाट असतो आणि स्लिटच्या वर-खालच्या आकाशातून वजा होतो. गळीत हंगामातल्या साखर कारखान्यांच्या धुराने एक्स्पोजर वाढेल, पण रेषेचा आकार बदलणार नाही, कारण पार्श्वभूमी आणि रेषा दोन्ही सारख्याच मंद होतात. कृष्णाकाठचे दव मात्र रात्र फुकट घालवते. दुय्यम आरशामागे छोटा हीटर लावा.

प्रश्न (वाई) : निऑनच्या दिव्याने वर्णपट जुळवला, तरी त्याच ताऱ्याचा वेग रात्रभरात १० किमीने बदलतो. शिवाय एच-अल्फाच्या आजूबाजूला बारीक रेषा येतात, त्या पोलक्समध्येही असतात.

पहिली गोष्ट तापमानाची. वाई-पाचगणीकडे हिवाळ्यात संध्याकाळ ते पहाट यात दहा अंशांहून जास्त फरक पडतो. स्पेक्ट्रोग्राफचे शरीर आकसते आणि वर्णपट कॅमेऱ्यावर सरकतो. एका पिक्सेलला ०.१ अँगस्ट्रॉम असतील तर एका पिक्सेलची घसरण म्हणजे सेकंदाला ४.६ किमी, आणि दोन पिक्सेलमध्ये तुमचे १० किमी भरले. सिग्मा मिथुनचा कक्षीय वेग मध्यापासून दोन्ही बाजूंना सुमारे ३५ किमी बदलतो, तेव्हा ही चूक दुर्लक्षून चालणार नाही. निऑन, तारा, निऑन असा क्रम प्रत्येक लक्ष्यासाठी पाळा आणि मधल्या वेळेचे जुळणीमूल्य दोहोंवरून काढा. एच-अल्फाच्या आजूबाजूला ६५०६.५३, ६५३२.८८ आणि ६५९८.९५ अँगस्ट्रॉम या निऑनरेषा भरवशाच्या आहेत.

दिवा विजेच्या दुकानात मिळणारा पॅनेलवरचा इंडिकेटर चालतो, त्यात रोधक बसवलेलाच असतो. टेस्टरमधला काढू नका, तो फार मंद जळतो. वीज २३० व्होल्टची आहे आणि दुर्बीण धातूची, तेव्हा जोड उघडा ठेवू नये. दिवा थेट स्लिटसमोर धरला तर त्याचा प्रकाश ताऱ्याच्या वाटेने जात नाही आणि कायमची खोट राहते. दुर्बिणीच्या तोंडावर ट्रेसिंग पेपर ताणून त्यामागे दिवा ठेवा.

दुसरी गोष्ट, त्या बारीक रेषा आपल्या हवेतल्या पाण्याच्या वाफेच्या आहेत : ६५४३.९१, ६५४८.६२, ६५५२.६३, ६५७२.०९ आणि आणखी काही. ऑक्टोबरात त्या ठळक असतात, जानेवारीच्या कोरड्या रात्री विरळ होतात. त्यांचा फायदा असा की त्या जागच्या हलत नाहीत. निऑनची जुळणी बरोबर आहे का, ते त्यांच्यावर तपासा. काढून टाकायच्या असतील तर मघा नक्षत्रातल्या रेग्युलससारख्या गरम आणि झपाट्याने फिरणाऱ्या ताऱ्याच्या वर्णपटाने भागा. त्याच्या स्वतःच्या रेषा पसरट असल्याने फक्त हवेच्याच रेषा टोकदार उरतात. कृत्तिकेतली अल्सिओनी मात्र या कामाला घेऊ नका, तिच्या एच-अल्फातच उत्सर्जन आहे.

भागाकार आधी, पृथ्वीच्या गतीची दुरुस्ती नंतर. ही दुरुस्ती वर्षभरात अधिक-उणे ३० किमीपर्यंत जाते. ती आधी लावली तर पाण्याच्या रेषाही सरकतात, भागाकार जुळत नाही आणि एच-अल्फाच्या कडेला खोटे शिखर उभे राहते.

प्रश्न (पलूस) : व्ही७११ टॉरीची पूर्ण फेरी पकडायला किती रात्री लागतील? आणि सरठ तारकासमूहातला एआर लॅसर्टी का सुचवला नाही? तो तर ग्रहणेही दाखवतो.

व्ही७११ टॉरी एका दिवसात फेरीचा ०.३५२ भाग पुढे जातो. तीन रात्रींत १.०५७ होते, म्हणजे चौथ्या रात्री तुम्ही पहिल्या रात्रीच्या जागेपासून फक्त ०.०५७ पुढे असता. तीन ठिकाणांच्या मधल्या फटी अशा हळूहळू भरत साडेअठरा रात्री लागतात. दर रात्री पाच तास घेतले तर प्रत्येक वेळी ०.०७ भाग झाकला जातो आणि फटी राहत नाहीत. सलग एवढ्या स्वच्छ रात्री नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतच मिळतील. सुदैवाने तारा जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावर असून सांगलीतून ७३ अंश वर चढतो.

एआर लॅसर्टीचा काळ १.९८ दिवस, जवळजवळ दोन दिवस. एकाआड एक रात्री तीच फेज (फेरीतली जागा) समोर येते. महिनाभरात दिसणाऱ्या फेजची खिडकी फक्त १३ टक्के सरकते. ग्रहण एखाद्या महिन्यात रोज दुपारीच होत असेल, तर तुम्ही काहीही करा, ते दिसणार नाही. वेगळ्या रेखांशावरच्या निरीक्षकाशी जोडी जमवल्याशिवाय तो घेऊ नये.

वेळेबाबत तीन सापळे आहेत. लॅपटॉपवर भारतीय वेळ आणि फाइलच्या शीर्षकात जागतिक वेळ असल्याचा समज, हा पहिला. साडेपाच तासांची चूक म्हणजे व्ही७११ टॉरीच्या फेरीचा ८ टक्के भाग. दुसरा, शून्य फेज कुठे धरली ते न बघणे. काही जण सक्रिय तारा पुढे असताना शून्य धरतात, काही मागे असताना. दोघांची कोष्टके मिसळली की डाग ताऱ्याच्या पाठीमागे जातो. तिसरा, जुने सूत्र. या ताऱ्यांचे कक्षीय काळ किंचित मागेपुढे होतात, म्हणून वीस-तीस वर्षांपूर्वीच्या आरंभक्षणावरून आजची फेज काढू नका. स्वतःच्या त्रिज्य वेगांवरून ती आधी तपासा.

एक्स्पोजर किती लांब ठेवायचे, तेही फेजवर ठरते. व्ही७११ टॉरीत २० मिनिटांत वेग दीड किमीने बदलेल, तो पुसट होणे कळणारही नाही. सप्तर्षीतल्या डब्ल्यू उर्सा मेजोरिससारख्या आठ तासांच्या, एकमेकांना टेकलेल्या जोडीत हलक्या ताऱ्याचा वेग सेकंदाला दोनशे किमीहून जास्त आहे. तिथे त्याच २० मिनिटांत पन्नास किमीहून अधिक फासले जाते.

प्रश्न (वडूज) : पुस्तकांत कॅल्शियमच्या एच आणि के रेषांनाच मान आहे. तुम्ही एच-अल्फावरच का भर देता?

मान रास्तच आहे. ऑलिन विल्सन यांनी १९६६ पासून माउंट विल्सनवर ३९३३.७ आणि ३९६८.५ अँगस्ट्रॉमच्या याच रेषांवर ताऱ्यांची चुंबकीय आवर्तने मोजायला सुरुवात केली. त्याआधी १९५७ मध्ये त्यांनी आणि वेणू बाप्पू यांनी के रेषेतल्या उत्सर्जनाची रुंदी ताऱ्याच्या खऱ्या तेजाशी बांधलेली असते, हे दाखवले होते. अडचण छोट्या दुर्बिणीची आहे. थंड ताऱ्याचा निळा-जांभळा प्रकाश मुळात कमी, त्यात हवा तो जास्त खाते आणि कॅमेराही तिथे कमजोर. जमलेच तर के रेषा मोजा. एच रेषेच्या शेजारी ३९७०.१ ला हायड्रोजनची एप्सिलॉन रेषा आहे. फार सक्रिय जोडीत तीही उत्सर्जनात येते आणि बेरजेत मिसळते.

प्रश्न (तासगाव) : एका रात्री व्ही७११ टॉरीची एच-अल्फा आदल्या रात्रीपेक्षा दुप्पट आली. ही ज्वाळा म्हणून कळवू का?

एवढ्यावर नाही. आदली रात्र म्हणजे ०.३५ फेरी मागे; ताऱ्याची वेगळी बाजू समोर होती. तुलना त्याच फेजशी करा, म्हणजे तीन किंवा सहा रात्रींपूर्वीच्या वर्णपटाशी.

मग प्रत्येक तुकडा सुटा बघा. वैश्विक किरणाचा आघात एकाच तुकड्यात, एक-दोन पिक्सेलमध्ये असतो. बेरीज करताना सरासरी घेतली की तो सगळ्यांत पसरतो, मध्यक घेतला तर निघून जातो. ज्वाळेची रेषा उंचीबरोबर पायाशीही रुंदावते आणि तास-दोन तासांत उतरत जाते, क्वचित दिवसभर टिकते. या ताऱ्यांवरच्या मोठ्या ज्वाळेत सूर्यावरच्या मोठ्यात मोठ्या ज्वाळेच्या हजारपट आणि त्याहून अधिक ऊर्जा सुटते, त्यामुळे असे होणे नवल नाही. शंका आली की दुसरे सगळे सोडून त्याच ताऱ्यावर राहा आणि पाच-पाच मिनिटांचे तुकडे घेत चला. शक्य असेल तर शेवटी ग्रेटिंग फिरवून हेलियमची ५८७६ अँगस्ट्रॉमची रेषा बघा. ती उत्सर्जनात असेल तर ज्वाळेचा दावा भक्कम होतो.

उत्सर्जन नेमके कोणत्या ताऱ्याचे, हेही लिहावे. दोन्ही तारे आडव्या दिशेने सर्वांत दूर असताना त्यांच्या वेगांत सुमारे ११० किमीचे अंतर पडते, एच-अल्फाजवळ २.४ अँगस्ट्रॉम. तेव्हा शिखर कोणाच्या वेगावर आहे ते स्पष्ट कळते. एकामागे एक असताना कळत नाही, तिथे ठामपणे लिहू नका.

प्रश्न (सातारा, पदव्युत्तर विद्यार्थी) : चुंबकीय क्षेत्र थेट झीमन विभाजनातून (क्षेत्रामुळे रेषेचे घटक वेगळे होण्यातून) का मोजत नाहीत? आणि डागांचे नकाशे कसे काढतात?

आकडे मांडून बघा. लोखंडाची ६१७३ अँगस्ट्रॉमची रेषा चुंबकत्वाला अतिशय संवेदनशील आहे, तिचा लांदे गुणांक २.५. क्षेत्र १,००० गॉस धरले तर घटक मध्यापासून ०.०४४ अँगस्ट्रॉम सरकतात. ४० किमी वेगाच्या परिवलनाने हीच रेषा मध्यापासून दोन्हीकडे ०.८२ अँगस्ट्रॉम पसरते. विभाजन त्यात बुडून जाते. म्हणून ध्रुवीकरण मोजतात : झीमन घटक वर्तुळाकार ध्रुवीकृत असतात आणि परिवलन ध्रुवीकरण निर्माण करत नाही. १९८९ मध्ये मेअर सेमेल यांनी मांडलेल्या झीमन-डॉप्लर पद्धतीत हेच फेजनुसार जुळवून नकाशा करतात. एकाच वेगपट्ट्यात उत्तर आणि दक्षिण ध्रुवता शेजारी-शेजारी असल्या तर त्या एकमेकींना खोडतात, म्हणून या नकाशात दिसते ते क्षेत्र खऱ्यापेक्षा कमीच असते.

डागांच्या नकाशात परिवलनाचा हाच पसारा उपयोगी पडतो. ताऱ्याची आपल्याकडे येणारी कड रेषेच्या निळ्या बाजूला, दूर जाणारी तांबड्या बाजूला. डाग असेल तिथून प्रकाश कमी येतो, म्हणून त्या वेगावर शोषणरेषेत छोटा उंचवटा येतो आणि परिवलनाबरोबर निळ्याकडून तांबड्याकडे सरकतो. विषुववृत्ताजवळच्या डागाचा उंचवटा रेषेच्या कडेपासून कडेपर्यंत जातो, ध्रुवाजवळच्याचा मध्याजवळच घुटमळतो. व्होग्ट आणि पेनरॉड यांनी १९८३ मध्ये व्ही७११ टॉरीवर हे करून दाखवले. सूर्याचे डाग विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत असतात, या ताऱ्यांवर मात्र ध्रुवांजवळ मोठे डाग सापडतात. विभेदन ४०,००० च्या पुढे आणि फेजची भरगच्च नोंद लागते. गच्चीवरून हे होणार नाही.

गच्चीवरून तेजस्विता मोजा. फक्त व्ही७११ टॉरीपासून सुमारे ६ कोनीय सेकंदांवर एक मंद तारा आहे. मोजणीच्या वर्तुळात तो रोज आत तरी घ्या किंवा रोज बाहेर ठेवा. स्लिटची दिशाही तशीच ठरलेली असावी.

प्रश्न (विटा) : अल्गोलच्या एच-अल्फातही उत्सर्जन सापडते. तोही याच गटात धरावा का?

अल्गोलमधला थंड उपराक्षसी तारा चुंबकीयदृष्ट्या सक्रिय आहे, क्ष-किरण आणि रेडिओलहरी तिथूनच येतात. पण तो जोडीदारावर वायूही ओततो. एच-अल्फातले उत्सर्जन वायूच्या धारेचे की वर्णगोलाचे, हे सोडवणे नवशिक्याचे काम नाही. ग्रहणाची तेजस्विता मोजायला मात्र तो उत्तम आहे.

प्रश्न (जत, बीएस्सीची विद्यार्थिनी) : दुर्बीण नाही, लॅपटॉप आहे. प्रकल्प करता येईल का?

येईल, आणि कदाचित अधिक चांगला. फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेच्या १.९३ मीटर दुर्बिणीवरच्या एलोडी स्पेक्ट्रोग्राफचे संग्रहित वर्णपट खुले आहेत. विभेदन ४२,०००, आणि आवाक्यात कॅल्शियमच्या रेषांपासून एच-अल्फापर्यंत सर्व येते. ध्रुवीकरणाचे वर्णपट पोलारबेस या संग्रहात मिळतात. तेजस्वितेसाठी टेस उपग्रहाच्या नोंदी आहेत. काम पायथॉनमधल्या ॲस्ट्रोपायवर होते.

प्रकल्प छोटा ठेवा. एक सक्रिय तारा, एक सांचा, एकच रेषा. सांचा त्याच उपकरणाचा घ्या, वेगळ्या स्पेक्ट्रोग्राफचा घेतला तर विभेदनातला फरक सक्रियता म्हणून मोजला जाईल. संग्रहातल्या वर्णपटावर पृथ्वीच्या गतीची दुरुस्ती आधीच लावली आहे का, ते फाइलच्या शीर्षकात बघा. ती दोनदा लावणे ही नेहमीची चूक आहे, आणि पाण्याच्या रेषा कुठे पडल्या आहेत त्यावरून ती लगेच पकडता येते. पार्श्वभूमी तीन वेगवेगळ्या प्रकारे बसवून तुल्य रुंदी तीनदा काढा. तीन उत्तरांतला फरक हीच तुमची त्रुटी म्हणून लिहा, सॉफ्टवेअर देते ती त्रुटी बहुधा फार आशावादी असते.

पुढे स्वतःची निरीक्षणे हवी झाली तर देशात सोय आहे. तमिळनाडूत कावलूरची २.३४ मीटरची वेणू बाप्पू दुर्बीण आणि लडाखमध्ये हानलेची २ मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण, दोन्हींवर उच्च विभेदनाचे एशेल स्पेक्ट्रोग्राफ आहेत. पुणे जिल्ह्यातली आयुका या खगोलसंस्थेची गिरावली वेधशाळा आपल्याला जवळची, पण तिथला वर्णपटमापक कमी विभेदनाचा आहे. निरीक्षणवेळ प्रस्तावावर मिळते आणि अर्ज मार्गदर्शक प्राध्यापकांच्या नावे करणे सोयीचे पडते. प्रस्तावात तारा, त्याची प्रत, हव्या असलेल्या फेज, अपेक्षित सिग्नल-नॉइज गुणोत्तर आणि सांच्याचा तारा ही पाच गोष्टी आकड्यांसह द्या. सांच्याच्या ताऱ्यासाठी लागणारी वेळही त्यातच मागून घ्या.